सामाईक पंप

"मिस्त्री, फक्त बेल्ट बदला. बाकीचं चालू हाय ना?"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं अजूनही फिरतं. गुडघ्यांनी जवाब दिला म्हणून आता मी गॅरेजवर नुसता खुर्ची टाकून बसतो, पाना क्वचितच धरतो. तरी लग्नात, मयतीत, एसटीत कुणीतरी भेटतंच आणि कानाशी लागून विचारतं, "मिस्त्री, माझ्या गाडीचा नुसता बेल्टच टाकला तर चालंल का वो?" मयतीत सुद्धा! तिरडी उचलायची बाकी आणि ह्यांना बेल्टची पडलेली.

दिवाळी अंकवाले म्हणाले, धंद्यातल्या गमती लिहा. गमती कसल्या डोंबलाच्या? जन्मभर लोकांना एकच गोष्ट समजावून सांगितली आणि ती कुणालाच समजली नाही, ह्यात ज्याला गंमत वाटेल त्यानं पुढं वाचावं.

माझं गॅरेज नेकनूरला, केजहून बीडला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. काम शिकलो बीडला, एका उस्तादांच्या हाताखाली. गाडी कुठलीही येवो, माझ्या हातात जास्त करून टायमिंग बेल्टचंच काम यायचं, कारण ते किचकट आणि कुणाला नको असायचं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनात खाली पिस्टन वरखाली होतात आणि वर व्हॉल्व्ह उघडझाप करतात. दोघांची जागा एकच, वेळ तेवढी वेगळी. उखळात दोन बाया आळीपाळीनं मुसळ घालतात ना, तसं. एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली. ताल चुकला की मुसळावर मुसळ. हा ताल सांभाळणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात, पिस्टनला मार बसतो, आणि गाडी जागेवर बसते. बरं, तो आधी सांगतही नाही. ब्रेक किंचाळतात, क्लच वास मारतो, बॅटरी सकाळी कुरकुर करते. हा पठ्ठ्या गप राहतो आणि गप तुटतो.

पण बेल्ट काही एकटा नसतो. त्याला ताणून धरणारी एक चकती असते, तिला टेन्शनर म्हणतात. त्याला वळण देणारी दुसरी चकती असते, ती आयडलर. आणि बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवायचा पंपही ह्याच बेल्टवर फिरतो. ह्यातलं एक जरी जाम झालं तरी नवाकोरा बेल्ट सोलून निघतो. तिथपर्यंत पोचायचं म्हणजे चाक काढा, इंजिन जॅकवर तोला, माउंटिंग सोडा, पुली काढा, झाकणं काढा. एवढं सगळं खोलून नुसता बेल्ट टाकायचा आणि दोन महिन्यांनी पंपासाठी पुन्हा तेच सगळं खोलायचं, ही कुठली अक्कल? आमचे उस्ताद म्हणायचे, "मियाँ, खोले सो पूरा देखो. आधा काम सो दुगना काम."

ह्याचा अर्थ दिसेल ते बदलायचं असाही नाही. तसे मिस्त्री आहेत, गिऱ्हाइकाला सोलून खाणारे, आणि त्यांच्यामुळंच माझ्यासारख्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. माझी पद्धत साधी. काढलेली चकती कानाजवळ धरून बोटानं फिरवायची. गप फिरली तर चांगली. कुजबुजली तर संशय धरायचा. कुरकुरली तर बाद. पंपाला एक बारीक भोक असतं, त्याच्याभोवती पाण्याचा वाळलेला डाग दिसला की तो पंप आतून हरला समजायचं, मग बाहेर थेंब गळो न गळो. ऑइल सील कोरडी असली तर मी हात लावत नाही. आणि हे सगळं मी गिऱ्हाइकाच्या हातात देऊन, त्याच्या कानाला लावून दाखवतो. तो ऐकतो, मान हलवतो आणि म्हणतो, "बरोबर हाय तुमचं. पर फक्त बेल्टच बदला."

आष्टीचा एक मुकादम होता. ऊसतोडीच्या टोळ्या न्यायचा. पुण्याहून जुनी गाडी घेऊन आला. मी विचारलं, "बेल्ट कधी बदललाय?"

"मागच्या मालकानं बदललाय."

"कशावरून?"

"मानूस देवमानूस हुता वो. खोटं कावून बोलंल?"

चार-सहा महिन्यांनी ती गाडी ट्रॅक्टरच्या मागं दोर बांधून आली. मुकादम उतरला आणि माझ्यावरच ओरडला, "मिस्त्री, अवो चालती गाडी बंद पडली!"

"बंद पडनारी गाडी आधी चालतीच असती ना बे!" मी म्हणालो. एवढ्यावर तो माझ्यावर रुसला. घ्या.

दुसरे एक बँकेतले साहेब. मोबाइल डोळ्यांपुढं धरून माझ्या खांद्यावरून वाकून बघायचे. "मिस्त्री, हा टेन्शनरचा बोल्ट नवाच घालायचा असतो, जुना परत वापरायचा नसतो." मी म्हणालो, "साहेब, तुमी नोटा मोजा." मग घरी जाऊन कंपनीचं पुस्तक काढून बघितलं, तर साहेबांचं खरं होतं! त्या मॉडेलचा तो बोल्ट मी तेव्हापासून नवाच घालतो. पण साहेब गॅरेजवर आले की अजून माझं कपाळ उठतं. बरोबर बोलणारं गिऱ्हाईक चुकीच्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त छळतं.

असो. मला सांगायचंय ते दिगंबर आणि मास्तराचं. ह्या दोघांनी मला जेवढा वैताग दिला, तेवढा सगळ्या जिल्ह्यानं मिळून दिला नसेल.

हे दोघं सख्खे भाऊ, युसूफ वडगावकडचे. थोरला दिगंबर शेती बघायचा, धाकटा संजय केजला शाळेवर मास्तर. माणसं दोन्ही चांगली. घरचं बरं. पण वाटणी झाल्यापासून एकमेकांशी बोलणं बंद. रान वाटलं, बैलं वाटली, कडबा वाटला, चिंचेचं झाड सुद्धा फांद्या मोजून वाटलं. विहीर थोरल्याकडं गेली, बोअर धाकट्याकडं. राहिली एक गोष्ट, वडलांच्या नावावरची डिझेल गाडी. ती वाटली नाही, कारण अक्का.

अक्का म्हणजे त्यांची आई. तिच्या किडन्या गेलेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला बीडला डायलिसिसला न्यावं लागायचं. चुकवून चालत नाही ते. एक खेप हुकली की पाय सुजायचे, धाप लागायची. म्हणून गाडी सामाईक ठेवली. मागच्या सीटवर अक्काची वाकळ कायम अंथरलेली असायची, येताना ती आडवी होऊन यायची. जाता-येता माझ्याकडं हवा बघायला थांबायचे, तेव्हा ती काचेतून म्हणायची, "मिस्त्री, दमानं भर. माझ्या अंगापरीस चाकात जास्ती नको."

एकदा ऑइल बदलताना मी वरचं झाकण उचलून बघितलं, तर बेल्टला भेगा. त्या दिवशी दिगंबर होता. त्याला दाखवलं. बीडच्या वाटेवर मांजरसुंब्याच्या घाटात हा तुटला तर अक्का भर उन्हात रस्त्यावर राहील, हेही सांगितलं. त्याला पटलं. संध्याकाळी मास्तरचा वेगळा फोन आला, त्यालाही सांगितलं, त्यालाही पटलं. मला वाटलं, सुटलो.

कसला सुटतो! दोघांनी इंजिनाची वाटणी केली.

बुधवारी गाडी लावली आणि दोघं वेगवेगळ्या वेळेला सामान घेऊन आले. मास्तरनं बेल्ट आणला, चांगल्या कंपनीचा, खोक्यासकट. दिगंबरनं दोन्ही चकत्या आणल्या. पहिल्यांदा आणला तो टेन्शनर माझ्या कानाजवळ नवा असूनही कुजबुजला, तो मी परत पाठवला, तर बिचाऱ्यानं बदलून दुसरा आणला. म्हणजे माल दोघांनी चोख दिला, त्यात लबाडी नाही. मी खूश होऊन गाडी खोलली. पंप काढून बघतो तर भोकाभोवती डाग, आणि फिरवला तर जात्यात खडा सापडल्यासारखा आवाज. पंप पुरता बाद. आणि नवा पंप कुणीच आणलेला नाही.

दिगंबरला फोन लावला.

"पानी गळायलंय का?" तो म्हणाला.

"आत्ता न्हाई गळत. पर बेरिंग गेलंय दिगू. जाम झालं की बेल्ट खाऊन टाकील."

"मंग धाकल्याला सांगा की. माझ्या वाट्याच्या दोन चकत्या दिल्या मी. त्याचा नुसता एक पट्टा."

मास्तरला लावला.

"मिस्त्री, पट्टा महाग असतो का चकत्या, तुमीच सांगा," तो म्हणाला. "आन दुसरं, वाटणीत हीर कुनी घेतली? दादानं. मंग पान्याचा पंप त्याच्याचकडं जाणार की."

"अहो मास्तर, हा इंजिनाचा पंप हाय! हिरीचा न्हाई!"

"पान्याचाच ना पर?"

मी कपाळावर हात मारून घेतला. शिकवतो हा माणूस पोरांना!

दिवसभर तेच. ह्याचा फोन, त्याचा फोन. मी सांगतोय की जुना पंप ठेवून मी झाकण लावणार नाही, आणि ते सांगतायत की त्याला विचारा. मध्येच दिगंबर म्हणाला, "पंप ठिवा तसाच, नवा पट्टा हाय ना." गुरुवारीही तेच. तुम्ही म्हणाल, मिस्त्री, तूच आणून बसवायचा होता. आणला असता हो! पण भावकीच्या बांधावर तिसऱ्यानं पाय ठेवला की दोघं मिळून त्यालाच धोपटतात. कुणाला विचारून आणला, हा प्रश्न दोघांनी एका सुरात विचारला असता. बसलो मी अडून. गाडी लोखंडी घोडीवर, चाक बाजूला, आणि इंजिनाचं पोट उघडं.

सामाईक विहिरीची मोटर कशी बंदच राहते, ते आमच्याकडं शेंबडं पोर सुद्धा सांगेल. जे दोघांचं असतं ते कुणाचंच नसतं. पण मला वाटत होतं, गोष्ट पंपापुरतीच आहे.

शुक्रवारी दुपारी बीडहून येणारी एसटी बरोबर माझ्या गॅरेजसमोर थांबली. तिथं थांबा नाही. कंडक्टर खाली उतरला, त्यानं कुणाचा तरी हात धरला, आणि अक्का उतरली. डाव्या हाताला सुईच्या जागी पट्टी, काखेत कापडी पिशवी, डोक्यावरचा पदर घामानं चिकटलेला. मी उठून धावलो.

"अक्का! तुमी एसटीनं?"

"मंग काय उडत येऊ?" ती म्हणाली. पण आवाज पार खोल गेलेला. "खुर्ची दी आधी."

खुर्ची दिली. पाणी पुढं केलं तर तिनं हात आडवा केला. तिला पाणी मोजून प्यावं लागायचं. अर्धा कप चहा घेतला. मग सांगितलं.

तिला न्यायची महिन्याच्या पाळीनं वाटणी होती. एक महिना थोरल्याचा, एक धाकट्याचा. पण दिगंबर पंचांगावर चालायचा, त्याचा महिना अमावस्येला संपायचा. मास्तर पगारावर चालायचा, त्याचा महिना एक तारखेला लागायचा. अमावस्या झाली की दिगंबर मोकळा. एक तारीख उजाडायची तोवर मास्तरही मोकळा. ते मधले दिवस कुणाचेच नव्हते, आणि हा शुक्रवार त्यातलाच.

"मंग इतके दिवस कसं भागलं वो अक्का?"

"गाडी दारात असायची ना," अक्का म्हणाली. "मी आपली पिशवी घिऊन मागं बसून ऱ्हायची. बसलेली दिसले की कुनीतरी एकजन गुमान किल्ली घ्यायचा. बोलायचं न्हाई, चालायचं न्हाई, पर न्यायचा. आज गाडीच न्हवती. कुठं बसू?"

दिगंबर सोयाबीन घेऊन केजच्या मोंढ्यात गेलता. मास्तर शाळेत गेलता. दोघांना वाटलं, दुसऱ्यानं वाहन बघितलं असेल. म्हातारी उंबऱ्यात वाट बघून बघून फाट्यावर आली आणि एसटीत चढली. एसटीला गर्दी. मांजरसुंब्यापर्यंत उभी गेली, उजव्या हातानं दांडा धरून, डावा हात जपत. येताना मात्र कंडक्टरनं स्वतःची जागा दिली.

माझ्या डोक्यात नुसता जाळ. अक्का तेवढ्यात मी पोत्यावर मांडलेलं सामान बघत होती.

"ह्यो पट्टा कुनाचा?"

"मास्तरचा."

"आन ह्या दोन चकत्या?"

"दिगूच्या."

"आन ह्यो?" तिनं जुन्या पंपाकडं बोट केलं.

"ह्यो जुना पंप. हाच बदलायचा हाय. ह्याच्यापायी गाडी आडली. ह्यो कुनाच्याच वाट्याला न्हाई अक्का."

तिनं पंप मागून घेतला, मांडीवर ठेवला, बोटानं फिरवून बघितला. तो कुरकुरला.

"मंजी माझ्यावानीच," ती म्हणाली आणि हसली.

मला नाही हसू आलं. मी दोघांना फोन लावले आणि एवढंच सांगितलं की अक्का माझ्या गॅरेजवर आहे, एसटीनं जाऊन आली आहे. पुढं ऐकायला थांबलो नाही.

दोघं दोन मोटरसायकलींवर आले, एक पुढं, एक मागं. दिगंबरच्या अंगावर मोंढ्यातली धूळ, मास्तरच्या खिशाला पेन. अक्कानं दोघांकडं बघितलं. आवाज चढवला नाही.

"आज कुनाची पाळी हुती?"

"त्याची," दोघं एकदम म्हणाले. दोघांची बोटं एकमेकांकडं.

बोटं तशीच हवेत राहिली. मग दिगंबरनं खाली घेतली, मग मास्तरनं. मी पाना फेकून मारणार होतो, देवाशपथ. अक्का म्हणाली, "बरं. आन ह्या पंपाची पाळी कुनाची?"

दिगंबरनं मोटरसायकलला लाथ मारली आणि केजकडं गेला. मास्तरनं फिरवली आणि बीडकडं गेला. जाताना आईला पाणी विचारायचं तरी भान असावं की नाही? गाडी घोडीवर होती म्हणून मी मागच्या सीटवरची वाकळ काढली, लिंबाखालच्या बाकड्यावर अंथरली, आणि अक्का तिच्यावर झोपली. पंप उशाला घेऊन.

ऊन कललं तेव्हा दोघं परत आले. दोघांच्या हातात एकेक खोकं.

दोन पंप! तीन दिवस एक मिळेना, आणि आता दोन! जाताना एकमेकांना एक शब्द विचारला असता तर? पण नाही. आधीच दुष्काळ, त्यात तेरावा महिना. आणि आता दोघांचं नवंच सुरू झालं.

"माझा बसवा मिस्त्री, मी आधी आलो."

"माझा बघा, माझा पॅकिंगसकट हाय."

"थोरला कोन हाय?"

"आता बरं थोरलेपन आठवलं!"

वाटणीनंतर एकमेकांशी बोललेली ही त्यांची पहिली वाक्यं, आणि तीही अशी. अक्का उठून बसली. डोळे न उघडताच तिनं हात पुढं केला, दोन खोक्यांतल्या एकावर ठेवला आणि म्हणाली, "ह्यो आज बसवा." तो दिगंबरचा निघाला. मास्तरचं तोंड पडलं. "आन ह्यो मिस्त्री, तू जपून ठिव. पुढल्या टायमाला ह्योच घालायचा. माझ्यासमोर."

बसवला. झाकण लावायच्या आधी पाना लावून इंजिन दोन फेरे फिरवून बघावं लागतं, खुणा पुन्हा जागेवर येतात का ते. हे दोन फेरे मी गाडीच्या मालकाकडून फिरवून घेतो, म्हणजे आत काय आहे ते त्यांना हाताला तरी कळतं. लोक हसतात, हसू देत. त्या दिवशी एक फेरा दिगंबरनं दिला, एक मास्तरनं. खुणा जुळल्या. अक्काला मागं झोपवून दोघं गेले, एक गाडी चालवत आणि एक मोटरसायकलवर मागं. एक मोटरसायकल माझ्याकडंच राहिली, ती न्यायलाही दोन दिवसांनी आले. कुणी आणायची हे ठरत नव्हतं म्हणे!

त्यानंतर गाडी वेळच्या वेळी बीडला जायची. काचेतून अक्का विचारायची, "माझा पंप हाय ना रं?" मी कपाटाकडं बोट दाखवायचो. बेल्टला पुन्हा बदलायची वेळ यायला चारेक वर्षं लागतात. अक्कानं तेवढी काढली नाहीत. मी मातीला गेलतो. तिथंही दोघं दोन बाजूंना उभे होते.

पुढची वेळ ह्या वर्षी आली. गाडी गॅरेजसमोर थांबली आणि दोन्ही दारं उघडली. दिगंबर चालवत होता, मास्तर शेजारी बसलेला. एका गाडीतून दोघांना उतरताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मागच्या सीटवर वाकळ तशीच, पण घडी घातलेली.

"मिस्त्री, समदं बदला," दिगंबर म्हणाला. "इचारू नका काय बदलायचं. पट्टा, चकत्या, समदं एकाच दुकानातून आनलंय."

"आन पंप तुमच्याकडं हाय," मास्तर म्हणाला. "माझा."

मी खोललं. जुन्या चकत्या बाद होण्याजोग्या झाल्या होत्या. पण दिगंबरचा तो पंप काढला, कोरडा, डाग नाही. कानाजवळ धरून फिरवला. गप. मग जन्मात पहिल्यांदा 'समदं बदला' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मीच अडवलं, "ह्यो चांगला हाय अजून. ऱ्हाऊ द्या."

"न्हाई," दोघं म्हणाले. "बदला."

"अरे, पर कावून? आता कुनाला न्यायचंय बीडला?"

बोलून गेलो. दिगंबर खाली बघत म्हणाला, "तिनं सांगितलं हुतं ना. पुढल्या टायमाला ह्योच."

मी कपाटातून खोकं काढलं, वरची धूळ पुसली, पंप बसवला. दोन फेरे दोघांनी एकेक दिले. खुणा जुळल्या. गाडी सुरू झाली, आवाज साफ. "ट्रायल मारून या," मी म्हणालो, तर गाडीत बसून मास्तरनं विचारलं, "कुठल्या अंगाला?" आणि दिगंबरनं गाडी बीडच्या रस्त्याला घातली. घाटापर्यंत जाऊन आले.

जुनं सामान गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची माझी रीत. काढलेल्या चकत्या आणि बेल्ट पोत्यात भरला. तो चांगला पंप हातात घेऊन विचारलं, "हा कुनाचा? कुनी न्यायचा?"

"आमचा," दोघं एकदम म्हणाले.

मला एवढा राग आला की मी पाठ फिरवून हात धुवायला गेलो, आणि उगीच धूत राहिलो. एवढासा शब्द. त्या शुक्रवारी सकाळी, उंबऱ्यात पिशवी घेऊन बसलेल्या आईकडं बघून हाच शब्द दोघांतला कुणीही बोलला असता, तर म्हातारी एसटीचा दांडा धरून मांजरसुंब्यापर्यंत उभी गेली नसती.